नाकारलं गेल्यावर देवाजवळ आपली किंमत आणि आपलं काम शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमच्या गल्लीत संध्याकाळी हरिपाठ होतो. तो संपला की कुणीतरी चपला शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळतं आणि हळूच विचारतं. बाकीचे रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर लिहितात. माणसं वेगळी, पण प्रश्न बरेचदा तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. ज्याचा प्रश्न जगण्यामरण्याचा आहे त्याने आधी प्रश्न ११ वाचावा, बाकीचं नंतर.

१. मला नाकारलं म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार ना?

नकार देणाऱ्याने तुम्हाला त्याच्या गरजेपुरतं पाहिलेलं असतं. कंपनीला माणसं कमी करायची असतात, मुलाकडच्यांना पुण्यात नोकरी असलेली मुलगी हवी असते. त्यात तुमची काही उणीव असेल तर ती जरूर बघा. मुलाखतीत बोलता आलं नसेल तर बोलायचा सराव करा. पण ‘हे मला जमलं नाही’ इथून ‘मी कुचकामी आहे’ इथपर्यंत मन एका रात्रीत जातं, आणि तिथवर आपल्याला कुणी ढकललेलं नसतं, आपणच गेलेलो असतो.

वारीत पहिल्यांदा गेलेला माणूस एका गोष्टीने गोंधळतो. तो समोरच्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या पाया पडायला वाकतो, तर तो म्हाताराच ‘माउली’ म्हणत याच्या पायाला हात लावतो. पगार, जात, लग्न, निकाल यातलं काही न विचारता. समोरच्याच्या आत पांडुरंग आहे एवढंच त्याला पुरतं. तुमची किंमत तिथे ठरते. ज्याने तुम्हाला नाकारलं त्याच्याकडे ती कधीच नव्हती, त्यामुळे ती त्याच्याकडून परत मिळवायचाही प्रश्न येत नाही.

२. एवढ्या मोठ्या जगात देवाला माझी काय पडलीय?

याचं उत्तर टेंबलाईच्या टेकडीवर आहे. गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते, पण ललितापंचमीला कोहळ्याच्या गर्दीत तिचा अर्थ हातून सुटतो.

अंबाबाईच्या हातून कोल्हासुर राक्षसाचा वध झाला, विजयाचा सोहळा ठरला, सगळ्या देवदेवतांना बोलावणी गेली. त्र्यंबोलीचं, म्हणजे टेंबलाईचं, राहिलं. जिने संकटात साथ दिली तिलाच आमंत्रण नाही. ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. पुढे काय झालं ते बघा. अंबाबाईने ‘एवढं काय त्यात’ असं म्हटलं नाही. ‘तिला म्हणावं, राग गेला की ये’ असा निरोपही धाडला नाही. ती स्वतः लवाजमा घेऊन टेकडीवर गेली. आजही दर नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, दोघींची भेट होते आणि कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो.

या गावाची देवी दर वर्षी राहून गेलेल्या एकीला भेटायला देवळाबाहेर पडते. ज्याला आपण विसरले गेलो असं वाटतं त्याने ही गोष्ट स्वतःची समजावी. देवाला तुमची पडली आहे का, हे मी तर्काने सिद्ध करू शकणार नाही. पण ज्या देवीपुढे आपण लहानपणापासून हात जोडतो ती कशी वागली, हे आपल्याला माहीत आहे.

३. मी कधी फार देवधर्म केला नाही. सुरुवात कशी करू?

दिवसातली दहा मिनिटं आणि एक जागा ठरवा. देवघर नसेल तर गच्ची चालेल, रंकाळा तळ्याचा कठडाही चालेल. काय घडलं ते देवाला आपल्या शब्दांत सांगा, जमलं तर ओठ हलवून. राग आला असेल तर रागाने सांगा. जनाबाईंनी विठोबाला शिव्याही घातल्या आहेत आणि तरी त्यांचे अभंग घरोघरी गातात. सांगून झालं की शांत बसून नाम घ्या.

पहिल्याच दिवशी नवस बोलू नका. ‘ती परत आली तर मी अनवाणी जोतिबाला येईन’ असं म्हटलं की आपण पुन्हा तिच्याच उत्तराकडे डोळे लावून बसतो. जोतिबाला जरूर जा, पण काही न मागता जा.

४. नाम घेतो, देवळात जातो, पण आत काहीच हलत नाही. माझी भक्ती खोटी आहे का?

नाही. अंबाबाईचा किरणोत्सव पाहिला असेल तर हे समजायला सोपं आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि चरणांपासून मुखापर्यंत चढतात. पण एखाद्या वर्षी ढग आडवे येतात, हवेत धूळ असते, वाटेत बांधकामाचा अडथळा होतो आणि किरणं अर्ध्यावरच विरतात. लोक हळहळतात. आरती मात्र ठरल्या वेळी होते, कारण देवी आहे की नाही हा प्रश्न किरणांवर सोडलेला नसतो. तुम्हीही तुमची वेळ पाळत राहा.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न नसून आजार असू शकतो. मग प्रश्न ११ पाहा.

५. स्थळांमागून स्थळं नकार देतात. दर वेळी चहापोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर जाताना हात थरथरतात. काय करू?

हे ज्यांनी सोसलं नाही त्यांना कळत नाही. दारातल्या चपलांवरून किती जण आलेत ते कळतं, मग बाहेर जायचं, रंग, उंची, चालणं सगळं नजरेने मोजून घ्यायचं, आणि चार दिवसांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप. घरच्यांना स्पष्ट सांगा: आधी दोघं बाहेर भेटतील, बोलतील, जुळलं तरच घरी कार्यक्रम. हे मागण्यात काही उद्धटपणा नाही.

लग्नाची इच्छा असणं चांगलंच आहे, ती मारू नका. पण लग्न होईपर्यंत आयुष्य सुरू होत नाही असं मानणाऱ्यांचं ऐकू नका. मुक्ताबाई आणि जनाबाई यांची ओळख महाराष्ट्रात कुणीही ‘लग्न न झालेल्या’ अशी करून देत नाही.

६. पाच वर्षं एमपीएससी केली. वय गेलं, पोस्ट नाही. गावी तोंड कसं दाखवू?

‘देवाने तुझ्यासाठी याहून मोठं काही ठरवलं असेल’ असं मी तुम्हाला म्हणणार नाही. ते मला माहीत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही त्याने धीर येत नाही. पाच वर्षं गेली, त्याचं दुःख करायला वेळ घ्या.

तुकोबांचं घर सावकारी आणि दुकानदारीचं होतं. दुष्काळात दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, गावात पत गेली. त्यानंतरच्या काळात त्यांनी देहूतलं मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं, आणि लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. पत गेलेला माणूस दुसऱ्यांची कर्जं माफ करतो, हे मला फार मोठं वाटतं. पुढे त्यांना कोण म्हणून ओळखलं गेलं ते सांगायला नको.

तुमच्यासाठी व्यवहाराचं एवढंच: अजून परीक्षा द्यायची की नाही, हे एक तारीख ठरवून ठरवा. तोवर हाताला कमाईचं काही काम हवं. अर्धवट अडकून राहण्याने माणूस जास्त खचतो. कामाबद्दल प्रश्न १२ मध्ये आहे.

७. जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरच्यांनी नाव टाकलं. आईबापांनीच टाकलं तर देव तरी कसा जवळ करेल?

ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो. त्यांना आणि त्यांच्या भावंडांना लोक ‘संन्याशाची पोरं’ म्हणत. मुंज नाही, पंगत नाही, गावात जागा नाही. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला तरी पोरांना लगेच कुणी आपलं म्हटलं नाही. त्या अपमानाने ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताईने बाहेरून विनवण्या करून ती उघडायला लावली. तुमच्या आयुष्यातली मुक्ताई कोण आहे ते शोधा. मावशी असेल, कामावरची मैत्रीण असेल, शेजारच्या काकू असतील. तिच्यासाठी तरी दार उघडं ठेवा.

आईवडिलांना सणाला एक साधा निरोप पाठवत राहा, उत्तराची मागणी न करता. धमक्या येत असतील तर मात्र निरोप थांबवा आणि पोलिसांत जा. आणि ज्या संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नांना कायद्याची मान्यता दिली त्याच मातीत तुम्ही हे लग्न केलं आहे, मान खाली घालायचं काही कारण नाही.

८. मला देवळातच, धर्माच्या नावानेच हिणवलं गेलं. मग त्या देवाकडे का जाऊ?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्याचा राग खरा आहे.

१८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले तेव्हा भटजी वेदातल्या (वेदोक्त) मंत्रांऐवजी पुराणातले (पुराणोक्त) मंत्र म्हणत होता. विचारल्यावर उत्तर मिळालं की तुम्ही शूद्र, तुम्हाला वेदोक्ताचा अधिकार नाही. छत्रपतींच्या गादीवरच्या माणसाला, त्याच्याच राजधानीत, त्याच्याच नदीवर. महाराजांनी तो अपमान गिळला नाही आणि देवालाही सोडलं नाही. वेदोक्ताचा हक्क लढून मिळवला, राजोपाध्यांची इनामं काढून घेतली, आणि २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. आपल्याला जे सोसावं लागलं ते आपल्याहून कितीतरी दुबळ्यांना रोज सोसावं लागतं, हे त्यांनी ओळखलं.

चोखोबांना पंढरीच्या देवळात जाता आलं नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते दरडीखाली गेले, आणि त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. त्यांच्या समाजाला देवळात जायला १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं दार बंद होतं. दार बंद करणारी माणसं होती. चोखोबांनी त्या माणसांचं म्हणणं देवाचं म्हणणं समजलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तुम्हाला त्या देवळात जाववत नसेल तर जाऊ नका. देव तुमच्या घरातही ऐकतो. अपमान जातीवरून झाला असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे, तक्रार करा. तक्रार केल्याने भक्ती कमी होत नाही.

९. संत बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार सोसून भक्ती केली. मग मीही सोसावं का?

नाही. हा प्रश्न बायका फार विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लग्न झालं. कर्जापायी कुटुंबाला गाव सोडावं लागलं आणि फिरत फिरत ते आपल्या कोल्हापुरात आले. इथे एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. त्या घरातलं एक वासरू या पोरीच्या मागे मागे फिरायचं, जयरामस्वामींच्या कीर्तनालाही यायचं. लोकांत बोलबाला झाला आणि नवऱ्याने तिला बेदम मारलं, बांधून घातलं. ते वासरू मेलं. त्यानंतर तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला उपदेश केला, तोही इथेच. नवरा तर तिला टाकून तीर्थाला जायला निघाला होता, तेव्हा ती गरोदर होती.

हे सगळं आपल्याला कळतं कारण तिने स्वतः ते अभंगांत लिहून ठेवलं. नवऱ्याने मारलं, हे सतराव्या शतकातल्या एका बाईने झाकून ठेवलं नाही. तिला माहेरी परत जायची सोय नव्हती, कायदा नव्हता, पोलीस नव्हते. तिच्याकडून घ्यायचं ते हे की मार खाणारीच्याही आत देव बोलतो, आणि घडलेलं सांगायची लाज बाळगू नये. मार सहन करणं ही भक्ती आहे असं तिच्या आयुष्यातून काढणारे तिच्यावर अन्याय करतात.

तुमच्याकडे आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, जीव धोक्यात असेल तर ११२ वर. घर सोडावं लागलं तर देवघरातला टाक पिशवीत घालून निघा. देव घराबरोबर मागे राहत नाही.

१०. हे सगळं मागच्या जन्मीच्या पापाचं फळ आहे का?

कुणाच्या मागच्या जन्मात काय झालं हे सांगणारा मला आजवर भेटला नाही. दुखावलेल्या माणसाला ‘भोग आहेत तुझे’ म्हणणं सोपं असतं, कारण मग मदत करावी लागत नाही. तुमच्या तोंडावर कुणी असं म्हटलं तर तिथून उठून या.

११. जगावंसंच वाटत नाही. मेल्यावर तरी देवाजवळ जाईन ना?

आत्ता, हे वाचून होण्याआधी, जवळच्या एका माणसाला हाक मारा किंवा फोन करा. ‘मला मरावंसं वाटतंय, माझ्याजवळ थांब’ एवढंच म्हणा. कुणी नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तातडीचं असेल तर ११२. औषधं, दोरी, जे काही जवळ असेल ते दुसऱ्याच्या हातात द्या.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मानसोपचार तज्ज्ञाला भेटा. मधुमेहाची गोळी घेताना आपण देवावर अविश्वास दाखवत नाही, तसं हेही आहे. हरिपाठ आणि गोळी दोन्ही चालतं. देवाजवळ जायला मरावं लागत नाही, तो प्रश्न २ मधल्यासारखा तुमच्याकडे येतो. तुम्ही आज रात्री फक्त इथे राहायचं आहे.

१२. देवाने माझ्यासाठी कोणतं काम ठेवलंय, हे कसं ओळखू?

आकाशवाणीची वाट पाहू नका. बहुतेकांचं काम त्यांच्या जखमेच्या जवळपासच सापडतं. कोल्हापुरातलंच उदाहरण आहे. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना चहाचं हॉटेल काढून दिलं. नाव ‘सत्यसुधारक’. महाराज भाऊसिंगजी रोडवर गाडी थांबवून तिथला चहा स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींना प्यायला लावायचे. ज्याच्या हाताचं पाणी चालत नव्हतं त्याच्या हाताचा चहा. त्या चहात मला हरिपाठापेक्षा कमी भक्ती दिसत नाही.

तेव्हा असं बघा: तुम्हाला जिथे दुखलं तिथे आज दुसरं कुणाला दुखतंय? परीक्षेत आपटलेल्याला शेजारच्या पोराची बँकेची परीक्षा पास करून देता येते. घटस्फोट झालेलीला दुसरीबरोबर कोर्टात जाऊन बसता येतं. ज्याला यातलं काही जमत नाही त्याने रोजचं काम नीट करावं. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळण दळत होत्या, आणि देव दळायला येऊन बसला अशीच त्यांची आठवण महाराष्ट्राने जपली आहे. आपलं काम म्हणजेच फुलं समजून देवाला वाहा, असं ज्ञानोबांनीही सांगितलंय.

१३. ज्यांनी नाकारलं त्यांना माफ करायलाच हवं का?

सवडीने. माफ करणं आणि पुन्हा त्यांच्या हातात सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (प्रश्न ९ पाहा). मनातून शाप देणं थांबलं, तरी पहिल्या वर्षासाठी पुष्कळ झालं.

१४. आणि मीच कुणाला तोडलं असेल तर?

मग टेकडीवर कुणी जायचं ते प्रश्न २ मध्ये आलंय. स्वतः जा, मध्यस्थ नको, आणि ‘पण तूही’ ने वाक्य सुरू करू नका. समोरच्याने दार लावून घेतलं तर तो त्याचा हक्क आहे.

१५. एक महाराज म्हणतात, एकवीस हजार भरा, गेलेलं माणूस परत आणतो. करू का?

मुळीच नको. दुसऱ्याचं मन बांधून आणता येतं हे म्हणणंच फसवणुकीचं आहे, आणि नाकारल्या गेलेल्या माणसाची घालमेल अशा लोकांना दुरून कळते. अंगारा, तोडगा, फोटोवरची पूजा, सगळं त्यातलंच. अशा फसवणुकीसाठी राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पैसे आधीच दिले असतील तरी लाजेखातर गप्प बसू नका, तक्रार करा.

१६. मी ख्रिस्ती आहे. माझा मित्र मुसलमान आहे. हे आमच्यासाठीही आहे का?

आहे. बायबलमध्ये सत्ताविसाव्या स्तोत्रात आईबापांनी टाकलं तरी देव जवळ घेईल असा विश्वास आहे. कुराणात ‘दुहा’ नावाच्या अध्यायात तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेलं नाही असं पैगंबरांना सांगितलंय. मोहरम आणि गणपती एकत्र आले की आपल्याकडच्या काही तालमींत पंजा आणि गणपती एकाच मांडवात बसतात, तिथे वाढलेल्या माणसाला मी वेगळं काय सांगू? तुमच्या चर्चमधल्या, मशिदीतल्या विश्वासाच्या माणसाशी बोला.

१७. माझा मुलगा यातून जातोय. दिवसभर खोलीत असतो. मी काय बोलू?

कमी बोला. ‘तिच्यापेक्षा चांगली मिळेल’, ‘अमक्याचा बघ कसा लागला’, ‘देवावर सोड’ यातलं काहीही नको. तिसरं वाक्य खरं असलं तरी त्याने स्वतः म्हणायचं आहे. जेवायला हाक मारा आणि त्याच्याबरोबर जेवा. पाहुण्यांसमोर ‘आता पुढे काय’ हा विषय निघाला तर तुम्हीच मोडा. त्याला न सांगता पत्रिका घेऊन कुठे जाऊ नका. घरातलं एखादं खरं काम त्याच्यावर टाका, आजोबांना दवाखान्यात नेणं किंवा दूध आणणं, आणि ते त्याच्याशिवाय अडतं हे त्याला दिसू द्या. हरिपाठाला येतोस का, असं एकदा विचारा. नाही म्हणाला तर पुन्हा महिन्याने विचारा. आणि प्रश्न ११ मधलं काही त्याच्या तोंडून आलं, अगदी चेष्टेत आलं, तरी त्या दिवशीची कामं बाजूला ठेवा आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे जा.